जुन्या डिझेल ट्रकचा टर्बो बूस्ट आणि ताकद वाढवायची आहे, सुरुवात कुठून करू?

चढरस्ता

नमस्कार मंडळी. माझ्याकडे एक जुना ट्रक आहे आणि तो मला विकायचा नाही. इंजिन कमिन्स ६बीटी: सहा सिलिंडर, ५.९ लिटर, बारा व्हॉल्व्ह. पंप इनलाइन, गव्हर्नर मेकॅनिकल, सेन्सर किंवा कंप्यूटर कुठेही नाही. टर्बो वेस्टगेटवाला (जास्तीचा एक्झॉस्ट वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप), दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आहे.

रिकामी गाडी छान पळते. माल भरला की चढावर मात्र वरच्या गिअरमध्ये खेचतच नाही, आणि खालचा गिअर टाकून पेडल पूर्ण दाबलं की मागे काळ्या धुराचा लोट. बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, दाखवणारं गेज बसवून घेतलं. भरल्या गाडीला पूर्ण पेडलवर, २००० आरपीएमच्या आसपास, ते ०.७ बार दाखवतं.

दोन सल्ले मिळालेत. पहिला, वेस्टगेटचा रॉड आखूड करून बूस्ट दीड बारपर्यंत न्यायचा. दुसरा, पंपाचं सील काढून डिझेल वाढवायचं. दोन्ही सांगणारे अनुभवी आहेत आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. मला शर्यत लावायची नाही. चढावर एक गिअर वरचा चालावा, धूर कमी व्हावा आणि इंजिन टिकावं, एवढंच हवंय.

पाना१३

रॉडच करा. दोन-तीन आटे फिरवले की बूस्ट वाढेल, आणि हवा वाढली की ताकद वाढणारच. पंपाला हात लावू नका, तो बिघडला तर काम फार वाढतं.

उष्मांक

पाना१३, पेट्रोल इंजिनात तुमचं म्हणणं बऱ्याच अंशी लागू पडतं, कारण तिथे आत गेलेल्या हवेच्या मापानेच इंधन सोडलं जातं. डिझेलमध्ये हवेच्या वाटेवर झडप नसते, इंजिन जमेल तेवढी हवा कायम ओढत असतं. ताकद किती निघणार ते पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) किती सरकला यावर ठरतं. इंधन तेवढंच ठेवून नुसती हवा वाढवली तर ज्वलन स्वच्छ होतं, एक्झॉस्ट थोडा थंड होतो, पण चाकाला फारसं काही मिळत नाही.

चढरस्तांच्या गाडीत एक फरक आहे. ती आत्ताच काळा धूर टाकतेय, म्हणजे आहे ते डिझेलही पूर्ण जळत नाहीये. तिथे हवा वाढली तर वाया जाणारं डिझेल जळेल आणि थोडी ताकद नक्की मिळेल. पण ती हवा कशी वाढवायची हा खरा प्रश्न आहे, कारण गेजवर दिसतो तो दाब, आणि ज्वलनाला लागतं ते हवेचं वजन. या दोन गोष्टी एकमेकींपासून बऱ्याच लांब जाऊ शकतात. आकडे करून दाखवतो.

बाहेरची हवा २७ अंश सेल्सिअस धरू. बूस्ट १ बार म्हणजे एकूण दाब दुप्पट. कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर हवा दाबली जाताना सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. तापलेली हवा फुगते, त्यामुळे दाब दुप्पट झाला तरी घनता फक्त दीडपट होते. हीच हवा इंटरकूलरने ५० अंशांवर आणली तर घनता सुमारे १.८५ पट होते. गेज दोन्ही वेळा १ बारच दाखवणार!

आता ५.९ लिटरचं इंजिन २००० आरपीएमला मिनिटाला १००० वेळा आपलं पूर्ण पोट भरतं. भरण्याची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर वरच्या इंटरकूलरवाल्या उदाहरणात मिनिटाला साधारण साडेअकरा किलो हवा आत जाते. डिझेल पूर्ण जळायला एका किलोला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, पण प्रत्यक्षात सगळी हवा इंधनाला भेटत नाही, म्हणून धूर नको असेल तर वीस किलो धरावी. म्हणजे तासाला सुमारे ३५ किलो डिझेल धुराशिवाय जळू शकतं. एका किलोवॅट-तासाला २२० ग्रॅम खप धरला तर १५८ किलोवॅट, अंदाजे २१० अश्वशक्ती. इंटरकूलर नसता तर त्याच १ बारला हे गणित १३० किलोवॅटवर अडकलं असतं. उलट बूस्ट १.५ बार आणि इंटरकूलरनंतर ६० अंश मिळाले तर सुमारे १९० किलोवॅटपर्यंत जागा होते.

ही जागा आहे, ताकद नव्हे. तेवढं डिझेल पंपाने सोडलं तरच ती भरते. म्हणून तुमचे दोन्ही सल्लागार अर्धे बरोबर आहेत. माझ्या मते मात्र रॉड आणि पंप या दोन्हींच्या आधी एक काम आहे: ०.७ बार का, ते शोधणं. पंपमिस्त्रींनी यावर लिहावं.

पंपमिस्त्री

उष्मांकांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. या इंजिनाने मूळ सेटिंगला, पूर्ण लोडवर, एक बारच्या वर जायला हवं. काळा धूर आणि कमी बूस्ट एकत्र दिसले की माझा पहिला संशय हवेच्या वाटेवर असतो. डिझेल आहे म्हणून तर धूर आहे, आणि डिझेल जळतंय म्हणजे टर्बोला फिरवायला गरम वायूही आहे. तरी बूस्ट नाही, याचा अर्थ हवा आत येतानाच अडतेय, नाहीतर दाबली गेल्यावर कुठेतरी सुटतेय.

अशा वेळी रॉड आखूड केला तर काय होईल बघा. वेस्टगेट बंद राहील, टर्बो आणखी जोरात फिरेल आणि गळती भरून काढायला धडपडेल. या आकाराचे टर्बो पूर्ण भारावर मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतात. गळक्या लाइनवर त्याला आणखी पळवलं तर चाक मर्यादेबाहेर जातं आणि हवाही जास्त तापते. बूस्ट दिसेल, गाडी ओढणार नाही, आणि काही महिन्यांत टर्बोचा शाफ्ट खेळायला लागेल.

आधी एअर फिल्टर. कमिन्सच्या इंजिनांना फिल्टरमागची ओढ पाण्याच्या २५ इंचांपर्यंत, म्हणजे सुमारे ६ किलोपास्कलपर्यंत चालते. त्यापुढे फिल्टर बदलायचाच. फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा रबरी पाइप आतून बघा. जुना पाइप बाहेरून धड दिसतो, पण आतला थर सुटलेला असतो आणि ओढ बसली की आत मिटतो.

मग गळतीची चाचणी. टर्बोच्या तोंडावर घट्ट बसेल असं झाकण करा, त्याला हवा भरायचा व्हॉल्व्ह लावा आणि रेग्युलेटरमधून हळूहळू १ बारपर्यंत दाब द्या. इंजिन ऑइलचं झाकण काढून ठेवा, नाहीतर दाब टर्बोच्या सीलमधून तेलाच्या चेंबरमध्ये जाऊन बसतो. टर्बोवरच्या झाकणासमोर कुणी उभं राहायचं नाही, ते सुटलं तर गोळीसारखं येतं. आता साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर, क्लॅम्पवर, इंटरकूलरच्या दोन्ही टोकांच्या टाक्यांवर आणि होजच्या खालच्या अंगाला मारा. एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा असेल तर सायलेन्सरमधून फुसफुस येईल, तेव्हा क्रॅंक थोडा फिरवून घ्या.

टर्बोच्या आधीची गळतीही बघा. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि हेडच्या मधे किंवा टर्बोच्या फ्लॅंजवर काजळीची रेघ दिसली तर तिथून वायू सुटतोय. टर्बाइनला मिळायची ताकद बाहेर चाललीय.

सहावागिअर

गळती शोधताना वेस्टगेट अडकलेला नाही ना, तेही पाहावं. झडप थोडी उघडी राहून गंजली असेल तर बूस्ट याच आकड्यावर अडकतो. अ‍ॅक्च्युएटरची (बूस्टच्या दाबाने रॉड ढकलणाऱ्या डबीची) नळी काढा, हाताच्या पंपाने दाब द्या, रॉड हलतो का आणि दाब सोडल्यावर पूर्ण परत जातो का ते बघा.

चढरस्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. पंपमिस्त्रींनी सांगितली तशी चाचणी केली. इंटरकूलरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या होजला खालच्या बाजूने लांब चीर होती. उभ्या गाडीत मिटलेली, दाब आला की उघडणारी. वरून हात फिरवून कधीच सापडली नसती. मॅनिफोल्डच्या एका पोर्टवर काजळीही होती. होज, क्लॅम्प, मॅनिफोल्डची गॅस्केटं आणि फिल्टर बदलले. वेस्टगेट मोकळा आहे.

आता त्याच भाराला, त्याच चढावर १.१५ बार. धूर फक्त गिअर टाकल्यावर क्षणभर दिसतो. गाडी बरीच बदलली. अजून थोडं हवंय, कारण वरचा गिअर टिकता टिकता राहतो. आता पंप की रॉड?

पाना१३

होजचा फरक वाचून थक्क झालो. माझ्याकडच्या गाडीचीही ही चाचणी करून घेतो. आता तरी रॉड फिरवायला हरकत नसावी ना?

उष्मांक

अजून एक गेज हवं, आणि ते बूस्टच्या गेजपेक्षा महत्त्वाचं आहे. एक्झॉस्टच्या तापमानाचं. इंधन वाढवण्याची हद्द तिथे दिसते.

थर्मोकपल, म्हणजे या गेजचा तापमान मोजणारा तुकडा, टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्येच बसवायचा. टर्बोनंतर बसवला तर आकडा शंभर ते दोनशे अंशांनी कमी येतो, आणि हा फरक भाराप्रमाणे बदलतो, त्यामुळे अंदाजही बांधता येत नाही. टर्बोआधी ७०० अंश सेल्सिअस ही सतत चालवण्याची वरची हद्द माना. भरल्या गाडीचा लांब चढ म्हणजे सततच. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांच्या आसपास वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याहूनही आधी. पिस्टन स्वतः वायूइतका तापत नाही, कारण दर फेरीला थंड हवा येते आणि या इंजिनात पिस्टनखाली तेलाची धारही मारली जाते. पण ७०० च्या वर बराच वेळ राहिलं की ती सवलत संपत जाते. पिस्टनच्या कडा मऊ पडतात, मॅनिफोल्डला तडे जातात, टर्बाइनचं घर वाकतं.

भोक पाडताना लोखंडाचा कीस टर्बोत गेला तर चाकाचं नुकसान होतं. सर्वांत चांगलं म्हणजे मॅनिफोल्ड काढून पाडावं. जागेवरच पाडायचं असेल तर ड्रिलला ग्रीस लावून, थांबत थांबत पाडा आणि चुंबकाने आतला कीस काढा.

आणखी एक. चालत्या गाडीत चढावर तापमान चढायला लागलं तर उपाय उजव्या पायात आहे. पेडल थोडं सोडा, एक गिअर खाली घ्या. आरपीएम वाढले की हवा वाढते आणि दर स्ट्रोकला लागणारं डिझेल कमी होतं. काही सेकंदांत आकडा उतरताना दिसतो.

जुनंलोखंड

थर्मोकपलबरोबर टर्बोआधीचा दाबही मोजून घ्या, सोपं आहे. मॅनिफोल्डच्या प्लगमधून बारीक स्टीलची नळी काढा, दोन-तीन वेढे देऊन लांब न्या म्हणजे वायू थंड होतो, आणि पुढे साधं प्रेशर गेज. याला ड्राइव्ह प्रेशर म्हणतात. आत येणारा बूस्ट १.२ बार आणि बाहेर अडवणारा दाब १.३ बार, तर टर्बो त्याच्या कामात आहे. बाहेरचा दाब बूस्टच्या दीडपट-दुप्पट झाला तर टर्बो इंजिनाचा गळा दाबतोय. तिथून पुढे रॉड आखूड करून बूस्ट वाढवला तरी सिलिंडरमध्ये जुना वायू उरतो, नवी हवा कमी जाते, आणि पिस्टनला तो वायू बाहेर ढकलायला ताकद खर्च करावी लागते.

हे गेज तात्पुरतं लावलं तरी पुरे. पण ते लावल्याशिवाय रॉडला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. वेस्टगेट कुठे उघडायचा ते या दोन गेजांच्या फरकावर ठरतं. आट्यांच्या मोजणीने ते कळत नाही, कारण प्रत्येक अ‍ॅक्च्युएटरची स्प्रिंग वेगळी थकलेली असते.

पंपमिस्त्री

आता पंपाकडे येतो. हा माझा रोजचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर.

या इनलाइन पंपात एक रॅक सहाही प्लंजर फिरवतो. रॅक पुढे गेला की दर स्ट्रोकला डिझेल जास्त. तो किती पुढे जाऊ शकतो यावर दोन बंधनं आहेत. एक बूस्टचं: इनटेक मॅनिफोल्डमधून एक नळी पंपाच्या डोक्यावरच्या डायफ्रामकडे येते. बूस्ट नसताना डायफ्राम रॅकला अडवून ठेवतो, बूस्ट आला की वाट मोकळी करतो. टर्बोला जाग यायच्या आत डिझेल ओतलं जाऊ नये, धूर होऊ नये, यासाठी ही सोय. दुसरं बंधन पूर्ण भाराचं: फ्युएल प्लेट. डायफ्राम पूर्ण सरकला की पुढे ही प्लेट ठरवते.

लोक ज्याला नुसतं डिझेल वाढवणं म्हणतात त्यात या दोन गोष्टींची सरमिसळ होते. डायफ्रामखालचं दातेरी चाक, म्हणजे स्टार व्हील, फिरवलं तर स्प्रिंगचा ताण बदलतो, म्हणजे कोणत्या बूस्टला किती डिझेल मिळणार ते बदलतं. पिकअप बदलतो, कमाल ताकद तीच राहते. प्लेट पुढे सरकवली तर कमाल वाढते. पुष्कळ ठिकाणी स्टार व्हील पार सैल करून देतात. गाडी उभ्याने उडी मारल्यासारखी वाटते, मालक खूष होतो. चढावर मात्र तीच ताकद, आणि शहरातून जाताना प्रत्येक सिग्नलला काळा ढग. मागच्या दुचाकीवाल्याच्या छातीत तो जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं. मी तसं काम करून देत नाही.

चढरस्ता, तुम्हाला प्लेटचं काम हवंय, आणि ते गाडीवर अंदाजाने करू नका. पंप उतरवून टेस्ट बेंचवर न्या. बेंचवर प्रत्येक लाइनचं डिझेल हजार स्ट्रोकला किती सीसी येतं ते काचेच्या नळीत दिसतं. उष्मांकांचं गणित माझ्या भाषेत आणायचं तर २००० आरपीएमला १५८ किलोवॅट म्हणजे हजार स्ट्रोकला सुमारे ११६ सीसी. १९० किलोवॅट म्हणजे १४० च्या आसपास. तुमच्या पंपाचं मूळ माप काय ते त्याच्या नावाच्या प्लेटवरच्या नंबरावरून कॅलिब्रेशन तक्त्यात मिळेल.

बेंचचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. जुन्या पंपाच्या सहा लाइनी सारख्या नसतात. एक १०५ देते, एक ११८. गेजवर दिसणारं तापमान हे वेगवेगळ्या सिलिंडरांचं मिश्रण असतं. सरासरी ६८० दिसत असताना जास्त डिझेल मिळणारं सिलिंडर ७३० ला असू शकतं, आणि पिस्टन जाईल तो त्याचाच. आधी लाइनी बरोबरीत आणायच्या, नोझल तपासायचे, मगच कमाल वाढवायची.

सहावागिअर

टायमिंग, म्हणजे डिझेल फवारण्याची वेळ, पुढे घेतलं (लवकर केलं) तर एक्झॉस्ट थंड होतो असं ऐकलंय. मग तापमानाची अडचण तिथेच सुटेल का?

जुनंलोखंड

गेजवर सुटेल, इंजिनात नाही. टायमिंग पुढे घेतलं की ज्वलन लवकर सुरू होतं, जास्त उष्णता सिलिंडरमध्येच कामाला लागते, एक्झॉस्टचा आकडा उतरतो. पण सिलिंडरमधला सर्वोच्च दाब चढतो, आणि तो दाखवणारं गेज आपल्या डॅशबोर्डवर नसतं. या इंजिनाचा बोअर १०२ मिलिमीटर. सर्वोच्च दाब १३० बार धरला तर एका सिलिंडरमधून हेडला वर उचलणारं बल साडेदहा टनांहून जास्त होतं. ते हेडबोल्ट आणि गॅस्केट पेलतात. बूस्ट वाढवलात, डिझेल वाढवलंत, वर टायमिंगही पुढे घेतलंत, तर तिन्ही वाढी त्याच गॅस्केटवर येऊन बसतात. माल ओढणाऱ्या गाडीला टायमिंग इंजिनाच्या प्लेटवर लिहिलंय तेच ठेवा. पंप परत बसवताना ते डायल लावून पक्कं करा.

पंपाच्या कामासाठी समोरचं उघडणारच आहात तर या इंजिनाची एक जगजाहीर गोष्ट बघून घ्या. समोरच्या गिअरच्या घराला जागेवर धरणारी एक लहान लोखंडी पिन असते. जुन्या बारा व्हॉल्व्हच्या इंजिनांत ती वर्षानुवर्षांच्या थरथरीने सरकून गिअरांमध्ये पडू शकते, आणि पडली तर घर फुटतं. तिच्यावर एक लहानशी पट्टी बोल्टने आवळली की विषय संपतो. ताकद वाढवायच्या आधी हे झालेलं असावं.

नवाटर्बो

वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. माझा प्रश्न: मोठा टर्बो लावला तर रॉड, ड्राइव्ह प्रेशर वगैरे सगळंच सुटणार नाही का? आणि यात चिप बसते का?

उष्मांक

चिपचा विषय इथे येत नाही, या पंपात चिपने बदलावं असं काही नाही.

मोठ्या टर्बोबद्दल. मोठं टर्बाइन घर वायूला कमी अडवतं, वरच्या आरपीएमला ड्राइव्ह प्रेशर उतरतं, हवा थंड मिळते. पण खाली, १२००-१४०० आरपीएमला, त्याला फिरवायला पुरेसा वायू नसतो. भरलेली गाडी चढावर नेमकी तिथेच सापडते. बूस्ट उशिरा, म्हणजे तोवर धूर आणि तापमान. माल ओढणाऱ्या गाडीला, आपण बोलतोय तेवढ्या ताकदीला, मूळ आकाराचा टर्बो योग्य आहे. उलट टोकही असतं: खूप लहान घरावर बूस्ट लवकर येतो, पण कमी आरपीएमला जास्त दाब झाला की कंप्रेसर हवा धरून ठेवू शकत नाही, हवा उलटी फिरते आणि फडफड असा आवाज येतो. याला सर्ज म्हणतात. तो आवाज आवडतो म्हणून मुद्दाम तसं ठेवणारे आहेत. थ्रस्ट बेअरिंगवर त्याचा मार बसतो, ते करू नये.

उंचीवरचे रस्ते असतील तर एक लक्षात असू द्या. समुद्रसपाटीपासून १००० मीटरवर हवेचा दाब सुमारे १० टक्के कमी असतो. तिथे तोच बूस्ट गाठायला टर्बोला जास्त फेरे घ्यावे लागतात. म्हणून सेटिंग सखल भागात काठोकाठ करू नये, थोडी जागा सोडावी.

चढरस्ता

काम झालं. क्रमाने सांगतो.

आधी दोन्ही गेजं लावली. १.१५ बार बूस्टला लांब चढावर तापमान ६२० अंश, ड्राइव्ह प्रेशर १.२५ बार. म्हणजे जागा होती. मग पंप बेंचवर. पंपमिस्त्री म्हणाले तसंच निघालं, दोन लाइनी बाकीच्यांपेक्षा पुढे होत्या आणि एक बरीच मागे. नोझलही बदलले. सगळ्या लाइनी बरोबरीत आणून मूळ मापापेक्षा थोडी वाढ केली. स्टार व्हील मूळ जागेवरच ठेवलं. टायमिंग इंजिनाच्या प्लेटवर लिहिलेलंच. पिनेवर पट्टी बसवली.

डिझेल वाढल्यावर बूस्ट रॉडला हात न लावता १.२५ वर गेला. चढाच्या शेवटी तापमान ७०५ दिसायला लागलं, ते नको होतं. मग जुनंलोखंड यांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही गेजांकडे बघत रॉड थोडा आखूड केला. आता बूस्ट १.४, ड्राइव्ह प्रेशर १.६, तापमान ६७० ते ६८०. धूर जवळजवळ नाही. वरचा गिअर टिकतो.

एक नवी गोष्ट दिसतेय. वरच्या गिअरमध्ये १४०० च्या आसपास पूर्ण पेडल दिलं की आरपीएम एकदम चढतात, गाडीचा वेग तेवढा वाढत नाही. आणि पाण्याचं तापमान चढाच्या टोकाला नेहमीपेक्षा थोडं वर असतं.

पाना१३

रॉड शेवटी फिरला, पण सगळ्या कामांनंतर. आकडे वाचून पटलं. मीही आधी गेजं घेतोय.

जुनंलोखंड

छान आकडे आहेत. आरपीएम चढणं म्हणजे क्लच सरकतोय. तुमचं इंजिन आता खालच्या आरपीएमला जास्त टॉर्क देतंय, आणि क्लच जुन्या टॉर्कसाठी आवळलेला आहे. अंदाज घ्या: २००० आरपीएमला १५८ किलोवॅट म्हणजे ७५० न्यूटन-मीटरच्या वर. या इंजिनाच्या १६० अश्वशक्तीच्या सुरुवातीच्या आवृत्तीचा कमाल टॉर्क ५४० च्या आसपास होता. क्लच नवा बसवताना नुसती प्लेट बदलू नका, जास्त पकडीची प्रेशर प्लेट घ्या आणि फ्लायव्हीलचा चेहरा घासून घ्या. तोवर वरच्या गिअरमध्ये १६०० च्या खाली पूर्ण पेडल देऊ नका. गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियललाही तेच बरं, कारण त्यांच्यावर कमाल टॉर्क कमी आरपीएमलाच बसतो. क्लच पक्का झाल्यावर पुढची कमजोर कडी गिअरबॉक्स असेल. त्याची टॉर्क मर्यादा त्याच्या प्लेटवरून शोधून ठेवा, आणि पंप त्यापलीकडे कधी नेऊ नका.

बूस्ट १.४ पर्यंत मूळ हेडबोल्ट आणि मूळ व्हॉल्व्ह स्प्रिंग चालतील. बूस्ट आणि ड्राइव्ह प्रेशर दोन बारच्या पुढे नेणार असाल तर जास्त ताकदीच्या स्प्रिंग लागतात, कारण मॅनिफोल्डमधला दाब बंद एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मागून उघडायला बघतो.

उष्मांक

पाण्याचं तापमान वाढणं अपेक्षित आहे. जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेतला मोठा वाटा रेडिएटरमधूनच बाहेर पडतो. ताकद वाढली की तो वाटाही त्याच प्रमाणात वाढतो. इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधली जागा बघा. तिथे वर्षांची धूळ आणि किडे बसलेले असतात, आणि बाहेरून काही दिसत नाही. दोन्ही वेगळे करून मागून पुढे पाण्याने धुवा. पंख्याचा क्लच गरम झाल्यावर पकडतो का तेही तपासा.

आणि चढ संपल्यावर लगेच इंजिन बंद करू नका. एक्झॉस्टचं गेज दीडशे अंशांच्या आसपास उतरेपर्यंत न्यूट्रलवर चालू द्या. तापलेल्या टर्बोतलं तेल थांबलं की बेअरिंगमध्ये जळून कोळसा होतो.

पंपमिस्त्री

आणखी दोन गोष्टी. गव्हर्नरची स्प्रिंग बदलून कमाल आरपीएम वाढवायचा मोह होईल, कारण आता इंजिन वरपर्यंत मोकळं पळतंय. माल ओढणाऱ्या गाडीला त्याचा उपयोग नाही. तुमचं काम १५०० ते २२०० मध्येच होतं.

दुसरी, पंपाला नवं सील लावून घ्या आणि बेंचवरचा मापांचा कागद गाडीत ठेवा. पुढच्या वेळी कुणी पंप उघडला तर त्याला कळलं पाहिजे की ही मापं मुद्दाम ठेवलेली आहेत. बहुतेक देशांत धुराची तपासणी होते आणि इंजिनात असे बदल करण्यावर नियमही असतात. आपल्या वाहनाला काय लागू आहे ते बघून घ्या.

चढरस्ता

रेडिएटर आणि इंटरकूलर वेगळे केले. मधे मातीचा जाड थर होता, निम्मी जाळी बुजलेली. धुतल्यावर पाण्याचं तापमान पूर्वीच्या जागी आलं, आणि बूस्ट तोच असताना एक्झॉस्टही वीसेक अंशांनी उतरला. म्हणजे इंटरकूलरमधून हवा जास्त थंड होऊन जातेय. क्लचचं सामान मागवलंय. तोवर १६०० च्या खाली पेडल अर्धंच.